वाटणी अडते कुठे? गोदावरीकाठावरून जॉर्डनकडे पाहताना

नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला इस्रायल हा देश प्रथम माहीत झाला तो ठिबक सिंचनामुळे. थेंब थेंब मोजून पाणी देणारा, रेताड जमिनीत फळबागा फुलवणारा देश, अशी त्याची आपल्याकडची ओळख. ऑक्टोबर २०२३ पासून मात्र हे नाव रोजच्या बातम्यांत वेगळ्याच कारणाने येऊ लागले. ७ ऑक्टोबर रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० जणांना ओलीस धरून नेले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याने दिलेल्या आकड्यांनुसार, ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला. या दोन वर्षांत पारावर, एसटीत, चहाच्या टपरीवर एक प्रश्न अनेकदा ऐकू आला. एवढी हुशार माणसे, साऱ्या जगाला शेती शिकवतात, मग एकदाचे समोरासमोर बसून मिटवत का नाहीत?

प्रश्न साधा आहे आणि तो विचारणाऱ्याच्या मनात चांगुलपणाच असतो. पण नेमका हाच प्रश्न परका माणूस आपल्यालाही विचारू शकतो. गोदावरीच्या पाण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात इतकी वर्षे तंटा चालू आहे. राज्य एक, भाषा एक, सोयरीक एकमेकांत. मग तुम्ही बसून मिटवत का नाही? याचे उत्तर आपल्याला आतून ठाऊक आहे. ते नीट मांडले तर तिकडचा गुंताही थोडा उलगडेल, असे मला वाटते. दोन्ही तंटे सारखे आहेत असा दावा मुळीच नाही. आपल्याकडे कोणाचे गाव कोणी रणगाड्याने घेतलेले नाही. पण वाटणीची बोलणी जिथे अडतात, त्या जागा मात्र ओळखीच्या आहेत.

आधी आपली हकिकत पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने नाशिक-नगर भागात धरणे आणि कालवे काढले. दारणा धरण झाले, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे कालवे निघाले, आणि १९२६ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेवरचे भंडारदरा धरण पुरे झाले. पाटाच्या पाण्यावर ऊस आला, उसामागून कारखाने आले. १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराचे नाव देशभर गेले. पुढे राहुरीजवळ मुळा धरण झाले. तेव्हा नगरचा शेतकरी म्हणतो, हे पाणी आमच्या आजोबांपासूनचे आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या गोदावरीकाठी मोठे धरण झालेच नव्हते. संस्थान असताना आखलेली जायकवाडीची योजना बीड जिल्ह्यातल्या त्या नावाच्या गावाजवळ व्हायची होती. ती पुढे पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी प्रकल्पाचे उद्‌घाटन केले. नाथसागराची एकूण क्षमता १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी. आखणीच्या वेळचा हिशेब ढोबळमानाने असा होता की पैठणपर्यंतच्या पाण्यातले सुमारे ११५ टीएमसी वरच्या भागाने वापरायचे आणि सुमारे ८१ टीएमसी जायकवाडीला मिळायचे. तेव्हा मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो, हे पाणी आम्हाला लिहून दिलेले आहे.

इथेच पहिली अडचण दिसते. वहीचे पहिले पान कोणते धरायचे? नगरची वही १९२६ किंवा त्याआधी उघडते, मराठवाड्याची १९६५ ला. दोघांच्याही वहीतल्या नोंदी खऱ्या आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही. एक जण खोटे बोलत असता तर काम सोपे होते. त्यात आणखी एक दुखरी गोष्ट आहे. नाथसागराच्या फुगवट्याखाली मराठवाड्याबरोबर आपल्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतल्या गावांच्या जमिनीही गेल्या. त्या विस्थापितांच्या घरात तिसरीच वही आहे.

आता पश्चिम आशियाकडे पाहा. ज्यू माणसाच्या वहीचे पहिले पान हजारो वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्याच वहीत हिटलरने मारलेल्या ६० लाखांची नोंद आहे. जगात कुठेतरी आपले एक घर हवे, ही त्याची भूक तिथून येते. पॅलेस्टिनी माणसाची वही १९४८ ला उघडते. त्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी आपापल्या गावांतून उखडले गेले आणि त्यांना परतता आले नाही. काही मुत्सद्दी १९६७ पासून मोजतात, कारण त्या वर्षीच्या जून महिन्यात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टी जिंकली. वाटाघाटीच्या टेबलावर बहुधा १९६७ बोलले जाते, पण टेबलाभोवती बसलेल्यांच्या मनात १९४८ असते. आकडा एक आणि मन दुसरीकडे, अशी ही बैठक असते.

दुसरी अडचण वेळेची. गोदावरीला चांगला पाऊस झाला की वाटपाचा विषय कोणालाच आठवत नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी जायकवाडी भरले, दरवाजे उघडावे लागले, फोटो छापून आले. त्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी बसून पुढच्या दुष्काळाचा करार करायला हरकत नव्हती. पण भरल्या पोटी भाकरीची वाटणी कोण करतो? पाऊस हुकला की मग सगळे जागे होतात, आणि तेव्हा मोर्चे, रास्ता रोको, न्यायालयातले अर्ज यांच्या गदारोळात शांतपणे बोलणे अशक्य होते. इस्रायल-पॅलेस्टाइनच्या बाबतीत असेच घडत आले. जी वर्षे तुलनेने शांत गेली, त्यात बलवान बाजूला बोलण्याची निकड वाटली नाही. जेव्हा रक्त सांडले, तेव्हा बोलणे हाच विश्वासघात ठरला.

तिसरी अडचण तात्पुरत्या व्यवस्थेची आहे आणि मला ती सर्वांत घातक वाटते. दोन पक्षांचे मुख्य मुद्द्यावर जमत नसले की मध्यस्थ म्हणतो, सोपे ते आधी करू, अवघड ते नंतर. हे शहाणपणाचे वाटते. पण मधल्या काळात जमीन स्वस्थ बसत नाही. गोदावरीच्या खोऱ्यात पाण्याची मूळ वाटणी कागदावर राहिली आणि वर नवी धरणे, नवे कालवे होत गेले. त्यातले प्रत्येक काम त्या त्या गावासाठी न्याय्यच होते. निळवंडे धरणाचेच पाहा. १९७० च्या सुमारास मंजूर झालेली ही योजना, तिच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. १८२ गावांचे हक्काचे पाणी ५० वर्षे लांबले. त्या गावांना ‘तुम्ही वरचे, तुम्ही पाणी सोडा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. पण पैठणहून पाहणाऱ्याला त्यात आणखी एक अडवणूक दिसते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस वाढला, साखर कारखाने झाले. जे आधी ‘मागणे’ होते ते बघता बघता ‘गरज’ होऊन बसले. उभ्या उसाला करार समजावून सांगता येत नाही.

ओस्लो कराराची गोष्ट याच वळणाची आहे. १३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन आणि पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांनी हस्तांदोलन केले. ठरले असे की पाच वर्षांची तात्पुरती व्यवस्था करायची, आणि जेरुसलेम, निर्वासित, ज्यू वसाहती, सुरक्षा, सीमा हे अवघड विषय त्या मुदतीत बोलून संपवायचे. १९९५ च्या दुसऱ्या करारात इस्रायलने पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनींचा पाण्यावरचा हक्क मान्य केला, पण तो हक्क नेमका किती हेही पुढच्या बोलण्यांवर ढकलले. मुदत १९९९ मध्ये संपली. कायमचा करार झालाच नाही. तात्पुरत्या व्यवस्थेत पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ६० टक्के भाग पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात ठेवला होता, तो तसाच राहिला. १९९३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर, पूर्व जेरुसलेम सोडून, सुमारे १ लाखाच्या आसपास ज्यू वसाहतवाले होते. आज ती संख्या सुमारे ५ लाख आहे. ज्या जमिनीची वाटणी करायची, तिच्यावर एका वाटेकऱ्याने घरे बांधत राहायचे आणि दुसऱ्याने बोलणी चालू ठेवायची, अशी ही स्थिती. दुसऱ्या बाजूला, करार झाल्यावर बसमध्ये आणि बाजारात आत्मघाती बॉम्ब फुटताना पाहिलेला इस्रायली नागरिक म्हणू लागला, जमीन सोडली तर हेच मिळणार असेल तर कशाला सोडायची? मधल्या काळाने दोघांचाही विश्वास खाऊन टाकला.

चौथी अडचण मोजणीची. आपल्याकडे वरून पाणी सोडले की वाद सुरू होतो. किती सोडले आणि पैठणला किती पोचले? वाटेत नदीचे कोरडे पात्र किती प्यायले? नदीकाठच्या मोटारींनी किती उचलले? पाणी सोडताना कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरची वीज बंद करावी लागते, पोलीस उभे करावे लागतात. नगरचा माणूस विचारतो, जायकवाडीत २६ टीएमसी मृतसाठा पडून आहे, तो का धरत नाही? मराठवाड्याचा माणूस विचारतो, तुमच्या लहान तलावांतले आणि बंधाऱ्यांतले पाणी हिशेबात का नाही? एकाच मोजपट्टीवर दोघांचा भरवसा नसेल तर प्रत्येक आकडा हा आरोप होतो. पश्चिम किनाऱ्यावर १९९५ च्या करारानुसार संयुक्त जलसमिती नेमली होती आणि तिचे निर्णय एकमताने व्हायचे होते. ऐकायला ते समतेचे वाटते. पण पॅलेस्टिनींना आपल्याच भागात विहीर खोदायची तर इस्रायलचा होकार लागणार, आणि तो न मिळाला तर दाद मागायला जागा नाही. त्यामुळे वाढत्या वस्तीला इस्रायली कंपनीकडून पाणी विकत घ्यावे लागते. चाव्या एकाच्याच हातात असतील तर ‘एकमत’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

पाचवी अडचण सर्वांत मानवी आहे. बोलणी करणाऱ्याला शेवटी घरी परतायचे असते. नगर जिल्ह्यातल्या कोणत्या पुढाऱ्याने जाहीर सभेत म्हणावे की मराठवाड्याचे म्हणणे काही अंशी खरे आहे? आणि पैठणच्या कोणत्या पुढाऱ्याने म्हणावे की प्रवरेच्या शेतकऱ्याचेही पोट आहे? खासगीत दोघेही हे बोलतात. माईक समोर आला की पाण्याचा एक थेंबही जाऊ देणार नाही, किंवा हक्काचा एक थेंबही सोडणार नाही, हे वाक्य तोंडात येते. एकाच गोष्टीवर दोन्हीकडचे सगळे पुढारी सहमत असतात. पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरी खोऱ्यात आणा म्हणजे सारे मिटेल. ते पाणी आले तर आनंदच आहे. पण या सहमतीचे रहस्य असे की तीत दोघांपैकी कोणालाच काही सोडावे लागत नाही.

आपल्याकडे तडजोड बोलणाऱ्याचे मत जाते, तिकडे प्राण गेले आहेत. इस्रायलशी तह करणारे इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात ६ ऑक्टोबर १९८१ रोजी आपल्याच देशातल्या अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. राबिन ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अविवमधल्या शांतता मेळाव्यानंतर मारले गेले. मारणारा ज्यूच होता. नंतर पॅलेस्टिनींमध्येच दोन तट पडले. २००६ ची निवडणूक हमासने जिंकली, २००७ मध्ये गाझा हमासच्या हाती गेला आणि पश्चिम किनारा फताहकडे राहिला. इस्रायलमध्ये वसाहतवाल्यांच्या पक्षांना वगळून सरकार उभे करणे अवघड होत गेले. सही कोणाची घ्यायची आणि ती पाळणार कोण, हाच प्रश्न होऊन बसला.

या पाच अडचणी पाहिल्या की वाटते, अजून कोणाला योग्य सूत्रच सापडले नसावे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एरिक जॉन्स्टन नावाच्या आपल्या दूताला जॉर्डन नदीच्या पाण्याची वाटणी ठरवायला पाठवले. दोन वर्षे तो फिरला. दोन्हीकडच्या अभियंत्यांमध्ये १९५५ पर्यंत आकड्यांवर बहुतांश जमले. मग प्रकरण अरब लीगच्या राजकीय बैठकीत गेले आणि तिथे मान्यता मिळाली नाही, कारण मान्यता देणे म्हणजे इस्रायलचे अस्तित्व मान्य करणे होते. गंमत अशी की करार झाला नसतानाही इस्रायल आणि जॉर्डन पुढे बराच काळ साधारणपणे त्याच आकड्यांचा आधार घेत राहिले. दोन्ही देश कागदोपत्री युद्धात असताना त्यांचे पाणी-अभियंते यार्मुक आणि जॉर्डन यांच्या संगमाजवळ गुपचूप भेटत, बाहेर मांडलेल्या टेबलाशी बसून प्रवाहाचे आकडे जुळवत. १९९४ मध्ये त्या दोन देशांत तह झाला तेव्हा या ओळखीचा उपयोग झाला. त्या तहातही एक खोट राहिलीच. दुष्काळात तूट कशी वाटायची, हे त्यात लिहिले नव्हते. १९९९ च्या अवर्षणात त्यावरून तेढ आली, पण तह टिकला.

म्हणजे उणीव सूत्राची नाही. सूत्र अमलात आणण्याची हमी देणारे कोणी डोक्यावर आहे का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या आणि त्यांच्या तंट्यातला मोठा फरक इथे आहे. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यातली टंचाई सर्वांनी सारखी सोसावी, हे तत्त्व त्यात लिहिले गेले. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये कोष्टक करून दिले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरण समूहांनी ठरल्या प्रमाणात पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, २०१८ मध्ये ८.९९ टीएमसीचा. २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी ठरले. त्यात मुळेतून २.१०, प्रवरेतून ३.३६, गंगापूरमधून ०.५ आणि दारणेतून २.६४३. प्रत्येक वेळी आंदोलने झाली, न्यायालयाचे दरवाजे ठोठावले गेले, आणि प्रत्येक वेळी शेवटी पाणी गेले. राहुरीचा शेतकरी चडफडला, पण दुसऱ्या दिवशी नगरहून संभाजीनगरची एसटी नेहमीप्रमाणे सुटली. वरचा आणि खालचा, दोघेही एकाच विधानसभेला मत देतात. उद्या सरकार बदलू शकतो, ही आशा दोघांनाही आहे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅलेस्टिनी माणसावर इस्रायली सैन्याची सत्ता चालते, पण इस्रायलच्या संसदेसाठी त्याला मत नाही. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६७ पासूनचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. ते सल्लावजा मत होते. ते अमलात आणायला कोणी पाटकरी नाही. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला जातो. दुसरीकडे, आपण माघार घेतल्यावर रॉकेट येणार नाहीत याची हमी इस्रायली आईलाही कोणी देत नाही. छप्पर नसलेल्या घरात दोन भाऊ भांडत असावेत आणि पाऊस चालू असावा, तसे ते चालले आहे. समुद्राचे पाणी गोडे करून इस्रायलने आपली तहान बरीचशी भागवली, तरी तंटा मिटला नाही, याचाही अर्थ हाच.

मग आपण छातीवर हात मारून घ्यायचा का? तसे नको. आपल्याकडे छप्पर आहे, पण छपराखाली अबोला आहे. पाणी जाते ते आदेशाने, समजुतीने नव्हे. फेरविचारासाठी २०२३ मध्ये नवी अभ्यास समिती नेमली गेली. ६५ टक्क्यांची मर्यादा ५८ वर आणावी अशी तिची शिफारस बाहेर येताच मराठवाड्यातून विरोध सुरू झाला. कोणता आकडा बरोबर, हे मी सांगणार नाही. पण तो आकडा ज्या मोजणीतून आला, ती मोजणी वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी मिळून कधी पाहिली आहे का? चारीच्या टोकावरचे दोन शेजारी रात्रीच्या पाळीसाठी भांडतात, तेव्हा पाटकऱ्याने दोघांसमोर घड्याळ लावले तर निम्मे भांडण तिथेच संपते. गोदावरीवर असे घड्याळ दोघांसमोर लागले पाहिजे, आणि ते लावायची वेळ धरण भरलेले असतानाची आहे.

जॉर्डनच्या काठी युद्ध चालू असतानाही दोन अभियंते एका टेबलाशी बसू शकले. आपल्याला तर पैठणला जायला दोन-अडीच तासही पुरतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)